हात हलवून बोललं की मुलाला शब्द कळत नाहीत, असं का?

गोदाकाठ:
माझा मुलगा नऊ वर्षांचा आहे, ऑटिझम आहे. पूर्ण वाक्यं बोलतो, सांगितलेलं एरवी समजतं. पण मी हात हलवत बोलले की घोळ होतो. काल हात वर करून म्हटलं, "वरच्या फळीवरचा पोह्यांचा डबा दे रे", तर माझ्या बांगड्यांकडेच बघत उभा. तेच हात ओट्यावर ठेवून म्हटलं, लगेच डबा हजर! शाळेतल्या बाई म्हणतात, मुद्दाम ऐकत नाही. सासूबाई म्हणतात, आणखी खुणा करून सांग. कोणाचं ऐकू? आणि मेंदूत नक्की होतं काय?

वाचा_कोल्हापूर:
ताई, मुद्दाम अजिबात नाही. मी स्पीच थेरपिस्ट आहे. असं वर्णन पालकांकडून ऐकते, तेव्हा त्यांच्या निरीक्षणावर माझा पूर्ण विश्वास असतो.

कानाच्या वरच्या अंगाला, मेंदूच्या शंखखंडात, सुपीरिअर टेम्पोरल सल्कस नावाची घळ आहे. ऐकलेलं आणि पाहिलेलं एकत्र आणण्यात तिचा मोठा वाटा असतो. लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या संशोधकांचा 2012 चा अभ्यास आहे. बोलण्याच्या ठेक्याबरोबर आपला हात आपोआप खालीवर होतो ना, तसे हातवारे मुलांना दाखवून एफएमआरआय, म्हणजे मेंदूचा कोणता भाग कामाला लागतो ते दाखवणारा स्कॅन, काढले. इतर मुलांमध्ये हात दिसताच उजव्या बाजूची ही घळ आणि तिच्या शेजारचा भाग जास्त कामाला लागला. ऑटिस्टिक मुलांमध्ये ती वाढ दिसली नाही, उलट दृष्टीचा भाग जास्त जागा झाला. म्हणजे हात दिसतो, पण बोलण्याचा भाग म्हणून आत शिरत नाही.

2010 मध्ये किशोरवयीन मुलांच्या डोळ्यांची हालचाल मोजली होती. बोलण्यासोबत हाताने आकार दाखवला की इतर मुलं योग्य चित्राकडे लवकर वळली, ऑटिस्टिक मुलांना उलट उशीर लागला. तुमच्या डब्यासारखंच.

पण म्हणून खुणा बंद करू नका. बोट दाखवणं त्याला हवंच. फक्त एका वेळी एक गोष्ट: आधी बोट दाखवा, हात तिथेच स्थिर ठेवा, त्याची नजर पोचू द्या, मग बोला.

मुठा_34:
मी स्वतः ऑटिस्टिक आहे, पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये. ऑफिसच्या मीटिंगला समोरच्यांचा व्हिडिओ झाकून ठेवतो, कारण चेहरे आणि हात दिसले की वाक्याचा शेवट हातून सुटतो. लहानपणी "माझ्याकडे बघून ऐक" हे सतत कानावर पडायचं. बघ किंवा ऐक, यातलं एकच जमायचं. कृपा करून मुलाला नजर भिडवायला लावू नका.

दुसरं, त्याच्या स्वतःच्या हातांकडेही लक्ष द्या. माझे हात शब्दांच्या मागून येतात. लोकांना वाटतं, मला मनापासून बोलायचं नाही. ते फार लागतं.

वाचा_कोल्हापूर:
@मुठा_34, हे लिहिलंत त्याबद्दल मनापासून आभार. तुमच्या हातांबद्दलही आधार आहे: 2010 च्याच दुसऱ्या एका अभ्यासात ऑटिस्टिक मुलांचे हातवारे संख्येने कमी नव्हते, शब्दांशी त्यांची वेळ जुळत नव्हती. आणि ती जितकी कमी जुळे, तितकी ऐकणाऱ्यांना गोष्ट कमी चांगली वाटे.

गोदाकाठ:
दोघांचे आभार. वाचताना डोळ्यांत पाणी आलं. हे वयानुसार बदलतं का? आणि बाईंना काय सांगू?

वाचा_कोल्हापूर:
थोडं बदलू शकतं. गोंगाटात ओठ बघून शब्द ओळखण्याच्या बाबतीत 2015 चं एक संशोधन आहे. चांगलं बोलू शकणारी ऑटिस्टिक मुलं बारा वर्षांपर्यंत खूप मागे होती, तेरा-चौदानंतर तो फरक दिसला नाही. हातवाऱ्यांचंही तसंच होईल, असं मात्र त्यावरून म्हणता येत नाही.

बाईंना इतकंच सांगा: फळ्यावर पट्टी फिरवताना बोलू नका. लिहा, थांबा, मुलांकडे वळून हात खाली ठेवून वाक्य म्हणा. सूचना वहीत लिहून दिलीत तर उत्तमच. आणि त्याने मान वर केली नाही, तर ऐकत नाही असं धरू नका. काय सांगितलं ते त्यालाच विचारा.