मदत हवी आहे : 'वेडलॉक' या जुन्या इंग्रजी शब्दाविषयी

नमस्कार मंडळी,

इंग्रजीत लग्नाला 'वेडलॉक' असा एक जुना शब्द आहे. आता तो बहुतेक 'आउट ऑफ वेडलॉक' एवढ्यापुरताच कानावर पडतो. त्यात कुलूप आहे असं पुष्कळांना वाटतं आणि लग्न म्हणजे बेडी असे विनोदही त्यावर होतात, पण कुलपाचा इथे काही संबंध नाही. मूळ शब्द 'वेडलाक'. 'वेड्ड' म्हणजे दिलेलं वचन, तारण. जर्मनमध्ये पैजेला 'वेट्ट' म्हणतात, तोही याचाच भाऊबंद. 'लाक' हा कृती दाखवणारा प्रत्यय. जुन्या इंग्रजीत 'रेआफलाक' म्हणजे लूट, 'फेओहटलाक' म्हणजे लढाई. असे बरेच शब्द होते, आजच्या इंग्रजीत या प्रत्ययाचा हा एकटाच उरलाय. स्वीडिशमध्ये प्रेमाला 'शारलेक' म्हणतात, त्यातला 'लेक'ही याच घरचा. मला हे फार सुंदर वाटतं.

आता अडलंय ते असं. आधी अर्थ होता वचन देणं, पुढे तेराव्या शतकाच्या सुमारास तो 'विवाहित अवस्था' असा झाला. हा बदल दिसेल अशी त्या काळातली मूळ वाक्यं मला हवी आहेत. कोणाकडे ऑक्सफर्डचा मोठा कोश असेल तर त्या नोंदीतली जुनी उदाहरणं वर्षासकट टाकाल का?

शिवाय, आपल्या 'वधू'शी 'वेड्ड'चं नातं काही जण जोडतात. संस्कृत धातूंचा अभ्यास असलेल्यांनी यावर जरूर लिहावं. ते नातं टिकतं का?