सेंटॉस ७ या जुन्या लिनक्स वितरणावर नवा जीसीसी (सी++ चा कंपाइलर) स्वतः बांधावा का?

जुनेयंत्र:
आमच्या प्रयोगशाळेतील मोजमापाच्या यंत्राला जोडलेला संगणक अजून सेंटॉस ७ वरच चालतो, कारण त्या कार्डाचा ड्रायव्हर ३.१० च्या कर्नलपुढे (लिनक्सच्या गाभ्यापुढे) कधी आलाच नाही. तेथील जीसीसी ४.८.५ ला सी++१७ (भाषेची २०१७ ची आवृत्ती) कळत नाही, म्हणून मी जीसीसी १२ स्रोतापासून बांधला. जीएमपी, एमपीएफआर आणि एमपीसी या त्याला लागणाऱ्या गणिती लायब्ररी स्रोताच्याच फोल्डरमध्ये उतरवून घेतल्या, ३२-बिटची बाजू बंद ठेवली, सगळे वेगळ्या निर्देशिकेत बसवले आणि तीन टप्प्यांचे बूटस्ट्रॅप (कंपाइलरने स्वतःलाच पुन्हा बांधणे) रात्रभर चालू दिले. दुसऱ्या व तिसऱ्या टप्प्यातील ऑब्जेक्ट फाइलींच्या तुलनेत फरक निघाला नाही. जुन्या यंत्रणेवर हाच सरळ मार्ग आहे, असे माझे मत आहे.

खडूफळा:
असहमत. कंपाइलर एका कोपऱ्यात राहू शकतो, परंतु त्याची लायब्ररी त्याने बांधलेल्या प्रत्येक प्रोग्रामला चालताना लागते. यंत्रणेची लिबएसटीडीसी++ (हीच ती सी++ ची लायब्ररी) ३.४.१९ आवृत्तीपर्यंतचीच चिन्हे (फंक्शन वगैरेंची नावे) पुरवते, आणि आपला प्रोग्राम ३.४.३० मागू शकतो. मग कोणीतरी वैतागून मूळ फाइलच बदलतो. आमच्याकडे एकाने नव्या वितरणातील फाइल उचलून आणून तेथे ठेवली; तिला २.१७ पेक्षा नवी जीलिबसी (सी ची मूळ लायब्ररी) हवी होती, त्यामुळे मदतीची पाने दाखवणारे 'मॅन'सुद्धा बंद पडले, कारण पाने मांडणारा ग्रॉफ सी++ मध्ये लिहिलेला आहे. (चूक शोधायला मदतीचे पान उघडावे, तर तेच उघडेना.) डेव्हटूलसेट-११ हा रेड हॅटचा तयार कंपाइलर-संच नवी चिन्हे प्रोग्राममध्येच स्थिर जोडतो आणि उरलेली यंत्रणेकडून घेतो, त्यामुळे हा प्रश्नच येत नाही.

जुनेयंत्र:
आपले उदाहरण परकी फाइल आणल्याचे आहे, लायब्ररी तेथेच बांधल्याचे नव्हे. माझी लिबएसटीडीसी++ याच संगणकावर बांधलेली असल्याने २.१७ पलीकडे काही मागत नाही, आणि तिचा पत्ता मी आरपाथने प्रोग्राममध्येच लिहिला आहे. शिवाय सेंटॉस ७ वरील डेव्हटूलसेट स्ट्रिंगची जुनीच एबीआय (बांधलेले भाग एकमेकांशी जुळण्याची पद्धत) वापरतो. मला मिळालेली एक तयार लायब्ररी नव्या एबीआयची आहे आणि ती त्याच्याशी जोडली जात नाही.

खडूफळा:
मग हीच अडचण उलट बाजूनेही मान्य करावी. वितरणातील बूस्ट (सी++ लायब्ररींचा संग्रह) जुन्या एबीआयचे आहे. आपल्या जीसीसीने त्याच्याशी जोडणी केली की 'सीएक्सएक्स११' (नव्या एबीआयची खूण) असलेल्या, न सापडलेल्या चिन्हांची रांग लागते. म्हणजे बूस्टही बांधा, आणि बूस्टवर अवलंबून असलेले सारे बांधा. एका कंपाइलरसाठी आपण अर्धे वितरण अंगावर घेत आहात.

पाटावरवंटा:
३० जून २०२४ रोजी सेंटॉस ७ चा आधार संपला, त्यामुळे मला दोन्ही बाजू पटत नाहीत. ड्रायव्हर जुन्या संगणकावर ठेवावा, विदा जाळ्यावरून दुसरीकडे न्यावी आणि विश्लेषण तेथे करावे. कंटेनरचे (त्याच संगणकावर दुसरे वितरण चालवणाऱ्या बंदिस्त कप्प्याचे) नाव कोणी काढण्याआधीच सांगतो की त्याच्या आतही कर्नल तोच ३.१० असतो.

जुनेयंत्र:
विदा नेता येते, परंतु यंत्राला उत्तर त्याच क्षणी परत द्यावे लागते. विश्लेषण तेथेच हवे. बूस्टचा मुद्दा मात्र खरा आहे, त्यात माझे दोन दिवस गेले.

खडूफळा:
आणि पुढे काय? जीसीसी १५ बांधायलाच सी++१४ चा कंपाइलर लागतो. आपला ४.८.५ तेथे पुरणार नाही.

जुनेयंत्र:
त्याला १२ पुरेल, आणि तो आता बांधून तयार आहे.