शब्दचर्चा : 'ऑड्स'ला मराठीत काय म्हणाल? (पोकर आणि सट्ट्यावरच्या पुस्तकांच्या निमित्ताने)

अनुस्वार :
पोकर आणि खेळांवरचा सट्टा या विषयांवरच्या इंग्रजी पुस्तकांची ओळख करून देणारा लेख लिहायला घेतला आहे. कोणतं वाचावं, कोणतं सोडावं, एवढंच सांगायचं आहे, पण पहिल्या पानावरच अडले. 'ऑड्स' आणि 'प्रोबॅबिलिटी' या दोन्हींसाठी माझ्या मसुद्यात 'शक्यता' हाच शब्द आलाय आणि निम्म्या वाक्यांना अर्थच उरलेला नाही. 'ब्लफ'ला 'थाप' लिहिलं, तेही पटत नाही. 'टिल्ट'ला, म्हणजे हरल्यावर तोल जाऊन वेडंवाकडं खेळत सुटण्याला, काही सुचत नाही. आणि 'गॅम्बलिंग'ला 'जुगार' म्हटलं की पुस्तक उघडण्याआधीच त्याचा निकाल लागल्यासारखा वाटतो. जाणकारांनी मदत करावी.

गणित्या :
'ऑड्स'ला सरळ 'भाव' म्हणा. सट्टेबाजांच्या तोंडी तोच शब्द आहे, नवा घडवायला नको. शक्यता घटनेची असते, भाव मात्र कुणीतरी ठरवलेला असतो.

नाणेफेकीत छापा पडण्याची शक्यता 50 टक्के. त्यावर बुकी 1.91 चा भाव देतो, म्हणजे 100 लावून जिंकलात तर मुद्दलासकट 191 परत. या भावात दडलेली शक्यता 1 भागिले 1.91, म्हणजे सुमारे 52.4 टक्के. काट्यालाही तोच भाव. दोन्हींची बेरीज 104.7 होते. 100 च्या वरचे हे जे 4.7 आहेत, त्यातच बुकीचं पोट भरतं. इंग्रजीत त्याला 'व्हिग' म्हणतात. पत्त्यांच्या अड्ड्यावर डाव बसवणारा जो वाटा काढून घेतो त्याला 'नाल' म्हणतात, तोच शब्द इथेही चालावा.

आता हे 'शक्यता' या एकाच शब्दात कोंबून बघा. 'शक्यता 52.4 आहे पण शक्यता 50 आहे' असं वाक्य तयार होईल.

पुस्तक निवडायचा माझा निकषही हाच. भाव आणि शक्यता वेगळे ठेवून हिशेब शिकवतं ते पुस्तक घ्यावं. 'कोणता संघ जिंकेल हे कसं ओळखावं' एवढंच सांगणारं तिथेच ठेवावं. कोण जिंकेल हे ओळखून काही होत नाही, मिळणारा भाव त्यापेक्षा उदार आहे का हे ओळखावं लागतं. स्टॅनफर्ड वाँग यांचं 'शार्प स्पोर्ट्स बेटिंग' (2001) या बाबतीत पक्कं आहे. रुक्ष आहे, भर अमेरिकन फुटबॉलवर आहे, पण आकडेमोड लपवत नाही. 110 लावून 100 जिंकायचे असतील तर नुसतं बरोबरीत राहायला 52.38 टक्के पैजा जिंकाव्या लागतात, हा आकडा ज्या पुस्तकात सुरुवातीलाच येत नाही त्याच्या लेखकावर मी विश्वास ठेवत नाही.

किल्वर गुलाम :
पोकरमध्येही 'भाव' बसतो, आणि फार छान बसतो. पॉटमध्ये, म्हणजे मधोमध जमलेल्या पैशांत, 100 आहेत, समोरच्याने 50 लावले. तुम्हाला 50 घालून 150 मिळवायचे आहेत, म्हणजे तीनास एक भाव. चारातून एकदा जिंकलात तरी नुकसान नाही. आता तुमचा फ्लश (एकाच चिन्हाचे पाच पत्ते) व्हायला नऊ पत्ते कामाचे आहेत आणि एकच पत्ता उघडायचा बाकी आहे. न दिसलेल्या 46 पत्त्यांत 9, म्हणजे 19.6 टक्के. हवे होते 25. मराठीत काय म्हणाल? 'भाव परवडत नाही.' बाजारात म्हणतो तसंच.

'ब्लफ'ला मात्र थाप नको. थाप तोंडाने मारतात. पोकरमध्ये तोंड मिटून पैसे पुढे सरकवले तरी ब्लफ होतो. कबड्डीपटू देतो ती हूल, तोच शब्द घ्या. 'त्याने हूल दिली आणि मी पानं टाकली.' पोकरवरचे लेखक डेव्हिड स्क्लान्स्की यांनी 'सेमी-ब्लफ' ही संज्ञा रूढ केली: आत्ता हात कच्चा आहे, पण समोरचा हटला नाही तरी पुढच्या पत्त्यावर तो पिकू शकतो. त्याला 'अर्धी हूल' म्हणता येईल.

त्यांचं 'द थिअरी ऑफ पोकर' (1987) शिफारस करताना एक इशारा द्या. त्यातली बरीच उदाहरणं सेव्हन-कार्ड स्टडसारख्या आणि मर्यादित बोलीच्या खेळांची आहेत. आजचा वाचक नो-लिमिट होल्डेम (बोलीला मर्यादा नसलेला पोकरचा प्रकार) खेळतो, त्याला ती परकी वाटतात. विचार टिकलाय, उदाहरणं शिळी झालीत. याउलट डॉयल ब्रन्सन यांचं 'सुपर सिस्टम' (1979) इतिहास म्हणून वाचा, शिकायला नको. ब्रन्सन यांनी 1976 आणि 1977 ची पोकरची मुख्य जागतिक स्पर्धा जिंकली, दोन्ही वेळा शेवटच्या डावात हातात दश्शी आणि दुर्री अशी कमजोर पानं होती. आता तसली पानं खेळायला जाल तर काय होईल ते सांगायला नको. 2015 नंतर 'सॉल्व्हर' नावाची सॉफ्टवेअरं आली, संगणक प्रत्येक हातासाठी समतोल चाल काढून दाखवू लागला, आणि जुन्या पुस्तकांतली कितीतरी ठाम वाक्यं एकदम डळमळली. आजच्या खेळासाठी मायकेल असेवेडो यांचं 'मॉडर्न पोकर थिअरी' (2019) आहे. वाचायला जड, तक्ते फार. पण काम करतं.

विभीदक :
अनुस्वारताई, 'जुगार' या शब्दाबद्दल. मराठीत एकाच्या जागी चार शब्द आहेत, ते वेगवेगळे वापरा. द्यूत म्हणजे फाशांचा, समोरासमोर बसून खेळायचा खेळ. पैज दोन माणसांत लागते, एका दाव्यावर. सट्टा निकालावर किंवा भावावर लावतात, स्वतः न खेळता. जुगार हा या सगळ्यांवरचा शेरा आहे. त्यामुळे खेळांवरच्या पुस्तकांना 'सट्टा' म्हणा, पोकरला 'पोकर'च ठेवा. 'स्टेक'साठी तर 'पण' हा अस्सल शब्द आहे, 'पणाला लावणे' आपण रोज म्हणतो. फक्त एकटा वापरलात तर वाचक त्याला उभयान्वयी अव्यय समजेल.

थोडं विषयांतर. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातलं 34 वं सूक्त म्हणजे हरलेल्या खेळाडूचं आत्मकथन आहे, आणि नशिबाला दोष देण्यात ते आजच्या कुठल्याही खेळाडूच्या तोडीचं आहे. नलाख्यानातला ऋतुपर्ण राजा बेहड्याच्या झाडाची पानं-फळं न मोजता सांगतो, तोच नळाला अक्षहृदय शिकवतो आणि बदल्यात अश्वविद्या मागतो. अंदाज बांधण्याची विद्या आणि फासे जिंकण्याची विद्या त्या कथाकाराने एकाच माणसाकडे दिली, हे मला फार सूचक वाटतं.

अनुस्वार :
'भाव', 'हूल', 'सट्टा' घेतले. 'नाल' तळटीप देऊन घेते. 'पण' नको, वाक्याचा विचका होईल.

'टिल्ट' राहिला. जॅरेड टेंडलर यांच्या 'द मेंटल गेम ऑफ पोकर'मध्ये (2011) त्याचे सात प्रकार आहेत: अन्याय झाल्याच्या भावनेतून येणारा, सूडातून येणारा, 'मी जिंकायलाच हवं' या हक्कातून येणारा वगैरे. सातांना सात शब्द नकोत, पण एक तरी हवा.

किल्वर गुलाम :
'डोक्यात राख घालून घेणे.' राग, त्रागा आणि स्वतःचंच नुकसान, तिन्ही त्यात आलं. नाम हवं असेल तर 'टिल्ट'च ठेवा, खेळणारे सगळे तेच म्हणतात. पुस्तक चांगलं आहे, मात्र नवख्याला देऊ नका. ज्याला खेळच येत नाही त्याचा प्रश्न डोक्याचा नसतो.

गणित्या :
लेखात अ‍ॅनी ड्यूक यांचं 'थिंकिंग इन बेट्स' (2018) असणारच, म्हणून आधीच सांगतो. त्यातला 'रिझल्टिंग' हा शब्द मोलाचा आहे: निकालावरून निर्णयाची प्रत ठरवण्याची खोड. सुरुवातीलाच 2015 च्या सुपर बोलमधल्या (अमेरिकन फुटबॉलचा अंतिम सामना) सिएटल संघाच्या त्या शेवटच्या पासचं उदाहरण आहे. चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या हातात गेला आणि प्रशिक्षक मूर्ख ठरला. मराठीत 'फलावरून पारख' म्हणता येईल. शब्द उत्तम, पण पुस्तक पोकरचं नाही, व्यवस्थापनाच्या कपाटातलं आहे. एका कल्पनेला इतकी पानं लागतात का, हा प्रश्न मला शेवटपर्यंत पडला.

विभीदक :
मग वाचनाच्या आनंदासाठी अल अल्वारेझ यांचं 'द बिगेस्ट गेम इन टाउन' (1983) ठेवा. लेखक कवी आणि समीक्षक. 1981 च्या लास वेगासमधल्या स्पर्धेवर लिहिलंय, खेळायला काहीच शिकवत नाही, आणि या यादीतलं सर्वांत सुंदर पुस्तक तेच. मारिया कोनिकोव्हा यांचं 'द बिगेस्ट ब्लफ' (2020) त्याच्या खालोखाल. मानसशास्त्राच्या या अभ्यासक लेखिकेला सुरुवातीला पत्त्यांच्या जोडात किती पानं असतात तेही माहीत नव्हतं. मात्र त्यांचे गुरू होते पोकरमधले नामांकित विजेते एरिक सायडेल. 'कुणालाही जमेल' असा सूर लागला की एवढं ध्यानात ठेवावं.

अनुस्वार :
शेवटचं. जोसेफ बुकडाल यांच्या पुस्तकाच्या (2016) नावातच 'स्क्वेअर्स' (सामान्य लावणारे) आणि 'शार्प्स' (सट्ट्यातले तरबेज) आहेत. सट्ट्यात जिंकणाऱ्यांतले बहुतेक निव्वळ नशिबाने जिंकलेले असतात, हे ते इतक्या कोरडेपणाने दाखवतात की मला ते सगळ्यांत प्रामाणिक वाटलं. पण या जोडीला काय म्हणू? 'अडाणी' आणि 'हुशार' लिहिलं तर त्यांच्या म्हणण्यावरच पाणी पडतं.

गणित्या :
'शार्प' म्हणजे मुरलेला. 'स्क्वेअर'साठी मराठीने तीन शब्द तयारच ठेवलेत: हवशे, नवशे, गवशे. एक मजेखातर लावतो, एक नवस बोलून लावतो, एक काही फुकट गवसतंय का बघायला येतो. बुकडाल यांच्या हिशेबात तिघांचीही नाल सारखीच कापली जाते.