शब्दचर्चा : भिंतीतलं मेण आणि त्याचं ‘संपुट’

इमारतींमध्ये उष्णता साठवणाऱ्या पदार्थांवरचा एक लेख मराठीत आणतोय. दोन शब्दांपाशी अडलोय, म्हणून हा धागा.

आधी पदार्थाचं काम सांगतो. साधारण २२ ते २८ अंशांच्या दरम्यान वितळणारं मेण भिंतीच्या गिलाव्यात किंवा छताच्या तक्त्यांत मिसळतात. दिवसा खोली तापू लागली की मेण वितळायला लागतं आणि वितळता वितळता उष्णता पोटात घेतं. रात्री गारवा आला की ते पुन्हा थिजतं आणि घेतलेली उष्णता सोडून देतं. या सगळ्यात त्याचं स्वतःचं तापमान फारसं हलत नाही, खरी गंमत तीच. इंग्रजीत याला ‘फेज चेंज मटेरियल’ म्हणतात. वितळलेलं मेण गळून जाऊ नये म्हणून त्याला कवचात कोंडण्याला ‘एनकॅप्सुलेशन’.

पहिल्या शब्दासाठी एका भाषांतरात ‘टप्पा बदल साहित्य’ असं वाचलं. हे मला अजिबात पटलं नाही. ‘फेज’ला मराठीत एकच शब्द नाही: चंद्राची ती कला, कामाचा तो टप्पा, पदार्थाची ती अवस्था. स्थायू, द्रव, वायू या अवस्था आपण शाळेत शिकतो, मग इथे टप्पा कुठून आला? दुसरीकडे ‘प्रावस्था-परिवर्तक पदार्थ’ असंही दिसलं. ‘प्रावस्था’ हा परिभाषेतला शब्द आहे, तो एक वेळ चालेल, पण ‘परिवर्तक’ म्हणजे दुसऱ्यात बदल घडवणारा. इथे मेण दुसऱ्या कशाला बदलत नाही, ते स्वतःच बदलतं. म्हणून ‘अवस्थांतरी पदार्थ’ असं लिहावं का?

दुसऱ्या शब्दासाठी ‘आवेष्टन’, ‘कोशबंदी’, ‘कॅप्सुलीकरण’, ‘संपुटन’ इतके पर्याय जमले आहेत. आवेष्टन म्हटलं की खोक्यावरचा कागद डोळ्यांपुढे येतो. कॅप्सूल म्हटलं की वाचक औषधाकडे वळतो. कृपया मत द्या.

*

प्रतिसाद:

‘अवस्थांतरी’ला माझं अनुमोदन. दुसऱ्या शब्दाबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण हे पदार्थ मी हाताळले आहेत.

सूक्ष्म कवचातलं मेण बाटलीतून तळहातावर ओतलं तर ती पांढरी, कोरडी भुकटी असते, टाल्कम पावडरसारखी. बोटांत चोळली तरी तेलकट लागत नाही. तळहाताच्या उबेने आतलं मेण द्रव झालेलं असतं, पण वर बोटाला त्याचा पत्ता लागत नाही. एकेक कण काही मायक्रॉनचा, म्हणजे केसाच्या जाडीच्या कितीतरी पट बारीक. आत मेणाचा गाभा, बाहेर ॲक्रिलिकचं किंवा मेलामाइन-फॉर्मल्डिहाइडचं पातळ कवच. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं की पुष्कळ कणांना पोचा पडलेला दिसतो. मेण थिजताना आकसतं, कवच आत ओढलं जातं आणि खळगा राहतो. पुढे मेण वितळून फुगलं की कवचाने तो ताण सोसायचा, आणि हे हजारो वेळा.

म्हणून शब्द असा हवा की ज्यात चारी बाजूंनी बंद असणं आणि आतल्या वस्तूचं राखण होणं, दोन्ही येईल. ‘संपुट’ मराठीला नवा नाही. देव ठेवायची डबी ती संपुष्ट, हे त्याचंच रूप. रसशास्त्रात, म्हणजे धातू-खनिजांची औषधं करण्याच्या आयुर्वेदातल्या विद्येत, शरावसंपुट असतं: मातीच्या दोन परळांची तोंडं एकमेकांवर ठेवायची, सांधा कापड आणि चिखलाने लिंपायचा आणि आतलं द्रव्य भट्टीत द्यायचं. बंद करणं, सांधा न उघडणं आणि उष्णता देणं, हे तिन्ही अर्थ या शब्दात आधीपासूनच आहेत. शिवाय नुसतं ‘पुट’ म्हणजे थर. धुळीची पुटं चढतात असं आपण रोज म्हणतो. कवच हाही एक थरच.

‘संपुटीकरण’ मात्र नको. ‘-ईकरण’ लावलं की जी वस्तू तशी नव्हती तिला तशी करणं असा अर्थ होतो. मेणाचं संपुट होत नाही, मेण संपुटात जातं. ‘संपुटन’ पुरे, आणि विशेषण ‘संपुटित मेण’.

एक जोड देतो. हे तंत्र इमारतींसाठी जन्मलेलं नाही. १९५० च्या दशकात अमेरिकेतल्या नॅशनल कॅश रजिस्टर कंपनीत बॅरेट ग्रीन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रंग देणाऱ्या द्रवाचे थेंब जिलेटिनच्या कवचात बंद केले आणि त्यातून कार्बनशिवाय नक्कल उठवणारा कागद तयार झाला. पेनाचा दाब पडला की कवच फुटायचं आणि खालच्या कागदावर अक्षर उमटायचं. तिथे कवच फुटलं पाहिजे, भिंतीत ते कधीच फुटता कामा नये. शब्द दोन्हीकडे तोच राहील, पण लेखात हा फरक जरूर सांगा.

*

प्रतिसाद:

एक दुरुस्ती सुचवते. अशा लेखांत ‘मेण विरघळतं’ असं सर्रास छापलेलं असतं. मेण वितळतं. मीठ पाण्यात विरघळतं. वितळायला फक्त उष्णता लागते, विरघळायला दुसरा द्रव लागतो.

पण याच विषयात एक जागा अशी आहे की जिथे दोन्ही क्रियापदं शेजारी लागतात. मेणाऐवजी जलयुक्त क्षारही वापरतात. ग्लॉबरचं मीठ घ्या: सोडियम सल्फेटच्या स्फटिकात पाण्याचे १० रेणू अडकलेले असतात. सुमारे ३२ अंशांवर स्फटिक मोडतो, पाणी सुटं होतं आणि क्षार त्याच आपल्या पाण्यात विरघळू लागतो. सगळा विरघळत नाही. उरलेला कोरडा क्षार जड असल्यामुळे तळाशी बसतो, आणि गार होताना तो वरच्या पाण्याशी पुन्हा पुरता जुळत नाही. सौरऊर्जेच्या संशोधक मारिया टेल्केस यांनी १९४८ मध्ये अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या डोव्हर इथे सूर्याच्या उष्णतेवर ऊब घेणारं घर उभं केलं, त्याची वास्तुरचना एलिनॉर रेमंड यांची. उष्णता साठवायला पिंपांमध्ये हेच मीठ भरलेलं होतं. काही हिवाळे ते चाललं, मग मिठाचे थर वेगळे झाले आणि साठवण खालावली. पिंप बंद असलं तरी ही अडचण आतच उभी राहिली. म्हणजे नुसतं संपुट पुरत नाही, संपुटाच्या आत काय चाललंय तेही पाहावं लागतं. क्षार दाट द्रवात धरून ठेवणं आणि पातळ, उथळ पिशव्या वापरणं हे त्यावरचे उपाय.

या पिशव्या, नळ्या, गोळे बोटांनी उचलता येतील इतके मोठे असतात. त्यांना ‘स्थूलसंपुट’ आणि भुकटीतल्या कणांना ‘सूक्ष्मसंपुट’ म्हणावं.

*

प्रतिसाद:

संपुट छान आहे, पण गिलावा करणाऱ्या माणसाला सांगताना मी ‘कवचबंद मेण’च म्हणेन. पोत्यावर तेच छापलेलं असावं. आणि ‘उष्णतारोधक’ हा शब्द या पदार्थाला कुठेही लावू नका, एवढी कळकळीची विनंती. रोधक उष्णता अडवतो, हा पदार्थ ती घेतो आणि परत देतो. रात्री खिडक्या उघडून भिंत गार केली नाही तर मेण थिजणारच नाही आणि दुसऱ्या दिवशी त्याचा काही उपयोग होणार नाही. ‘रोधक’ वाचलेला माणूस खिडक्या बंद ठेवतो.

*

धागाकर्ता:

सर्वांचे मनापासून आभार. ‘रोधक’ माझ्या मसुद्यात दोन ठिकाणी होता, काढला. ‘विरघळणे’ एका ठिकाणी सापडलं, तेही बदललं. परिभाषेसाठी ‘संपुटन’ आणि पोत्यावर ‘कवचबंद’, अशी विभागणी मला मनापासून आवडली.

एक प्रश्न राहिला होता, तो लिहिता लिहिता सुटला. ‘लेटंट हीट’साठी शाळेच्या पुस्तकात ‘अप्रकट उष्मा’ आहे, जुन्या लेखनात ‘सुप्त उष्णता’. रसायनशास्त्रज्ञ जोसेफ ब्लॅक यांनी ग्लासगोमध्ये १७६० च्या सुमारास ही कल्पना मांडली तेव्हा मुद्दा हाच होता की बर्फ वितळताना उष्णता आत जाते, पण तापमापीवर दिसत नाही. १ किलो बर्फ वितळायला ३३४ किलोज्यूल लागतात. तेवढ्याच उष्णतेने १ किलो पाणी शून्यावरून ८० अंशांपर्यंत तापलं असतं. दिसत नाही म्हणून ‘अप्रकट’ अचूक आहे, आणि लेखात मी तोच ठेवतोय.

तरी एका परिच्छेदात ‘सुप्त’ राहू देणार आहे. काही क्षार थिजायच्या तापमानाखाली गेले तरी द्रवच राहतात. एखादा स्फटिककण मिळाला की क्षणात सगळे गोठू लागतात आणि तापमान झरकन वर चढतं. तिथे ‘अप्रकट उष्मा प्रकट झाला’ यापेक्षा ‘सुप्त उष्णता जागी झाली’ हे वाक्य वाचकाला घडणारी गोष्ट दाखवतं. संपादकांनी एकच संज्ञा ठेवायचा आग्रह धरला तर हे वाक्य जाईल. त्यावर कुणाचं मत असेल तर लिहा, मसुदा अजून माझ्याकडेच आहे.