रि: रि: अबिच्वेलास कोन दुल्से – साली गाळायच्या की ठेवायच्या? (तातडीचं)

मंजिरी, शुक्रवार रात्री ९:१०
मंडळी, उद्याच्या या डोमिनिकन पदार्थासाठी, म्हणजे राजम्याच्या गोड खिरीसाठी, पाच पौंड राजमा शिजला. दोन्यांनी (डोमिनिकन बाईंना आदराने असंच म्हणतात) सांगितल्याप्रमाणे मिक्सरमधून काढून गाळायला घेतला, तर दर दोन डावांनी चाळणी तुंबतेय. साली ठेवल्या तर चालेल का? अजून नारळाचं दूध, साखर घालून आटवायचंय, आणि उद्या चारला हॉल उघडतो. मंडळाचं पुरणयंत्र कोणाकडे आहे?

श्रीकांत, ९:२२
यंत्र गणपतीपासून वैदेहीकडे. साली ठेव, फायबर असतं.

वैदेही, ९:३१
श्रीकांत, ते यंत्र मंडळाचं नाही, माझ्या सासूबाईंचं आहे. मंडळाच्या यंत्राची मूठ गेल्या होळीला तुटली, मिनिट्समध्ये लिहिलेलं आहे. द्यायला माझी ना नाही, पण परत देताना धुवून, कोरडं करून द्या. मागच्या वेळी जाळीत डाळ वाळून बसली होती, ती मी टाचणीने काढली. तसंही मंजिरी, पुरणाच्या जाळीची भोकं मोठी. राजम्याची साल तुकडे होऊन सरळ खाली उतरेल.

अनिलकाका, ९:५०
वैदेही म्हणते ते खरं. आम्ही न्यूयॉर्कला १८१व्या रस्त्यावर राहायचो तेव्हा लेंट (ईस्टरआधीचा उपासाचा काळ) लागला की समोरच्या डोमिनिकन आजी ईस्टरपर्यंत अधूनमधून डबा पाठवायच्या. त्यांच्यात हे घरात हंडाभर करतात ते वाटण्यासाठीच. आमची ही डब्यात चकल्या घालून परत द्यायची, रिकामा कसा द्यायचा! त्यात साल कधी दाताखाली आली नाही.
चाळणी तुंबते कारण तू घट्ट वाटतेस. राजमा शिजवलेलं पाणी सढळ घालून वाट आणि डावाच्या पाठीने घोटत गाळ. पातळ झालं म्हणून घाबरू नकोस, आटतं. शिवाय गार झालं की आणखी दाटतं. स्लो कुकरमध्ये शिजवला नाहीस ना? मंद आचेवरचा अर्धाकच्चा राजमा बाधतो, त्याला चांगली खळखळून उकळी लागते.

सुनेत्रा, १०:०२
चकल्यांवरून आठवलं, माझ्या तयार आहेत, कोणीतरी वाटेत घेऊन जा. मंजिरी, साखरेऐवजी गूळ आणि थोडी वेलची घातली तर? आणि आईंना शनिवार असतो. रताळं चालेल, राजमा नाही. त्यांच्यापुरत्या उकडलेल्या फोडी बाजूला काढशील?

पराग, १०:०९
गूळ नको! इव्हॅपोरेटेड दूध, कंडेन्स्ड दूध, नारळाचं दूध, एवढ्या उकळत्या दुधात गूळ पडला आणि फाटलं तर पाच पौंडांचं करायचं काय? दालचिनी, लवंग, जायफळ, व्हॅनिला आणि चिमूटभर मीठ, बास. वेलचीसाठी श्रीखंड आहेच. खालच्या मजल्यावरची डोमिनिकन मंडळी मुद्दाम येणार, त्यांना त्यांचाच पदार्थ आपल्या वेषात कशाला?

सुनेत्रा, १०:१३
मी फक्त विचारलं. मागच्या वर्षी मसालेभातात काजू कोणी वाढवले ते सगळ्यांना माहीत आहे.

वैदेही, १०:२०
रताळी कुठली आणलीस? केशरी असतील तर फोडींचा लगदा होईल. बाहेरून जांभळट, आतून पांढरी हवीत, डोमिनिकन दुकानांत ‘बटाटा’ म्हणतात ती.

मंजिरी, ११:०५
पांढरीच आहेत. काकांच्या युक्तीने पहिलं पातेलं गाळून झालं, चोथा वाटीभर निघाला. बशीत थोडं घेऊन चाखून पाहिलं, एकदम मऊ. आता दुसरं. ढवळणं सोडता येत नाही, तळाला धरतं. रताळ्याच्या फोडी वेगळ्या उकडून शेवटी मनुकांबरोबर घालणार. सुनेत्रा, आईंचा डबा वेगळा भरला.
वरची छोटी दुधाची बिस्किटं, गुआरिना ब्रँडची, दोन्या आणतायत. ती वाढतानाच घाला, आधी घातली तर भिजून पीठ होतं. गारच वाढायचंय, तेव्हा हॉलच्या फ्रिजमधले श्रीखंडाचे डबे कोणीतरी खालच्या कप्प्यात सरकवा. वैदेही, यंत्र नको, थँक्यू.

वैदेही, ११:०८
मी गाडीत ठेवलंसुद्धा.

श्रीकांत, ११:३०
मग मंडळाच्या यंत्राची मूठ बसवायला कोणाकडे दिलीय? मिनिट्समध्ये तेवढं नाही.