फर्ग्युसन टीईए-२०: पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवावं का?

प्रश्न, इंदूरहून: पेट्रोलचा जुना ट्रॅक्टर, १२ व्होल्ट, पॉझिटिव्ह अर्थ (बॅटरीचं + टोक बॉडीला जोडलेलं). गरम झाला की मिसफायर होतो, प्लग काळे. मॉड्यूल (इलेक्ट्रॉनिक इग्निशनचा संच) घेऊ की पॉइंटच (डिस्ट्रिब्यूटरमधले उघडझाप करणारे संपर्क) बदलू?

उत्तर १: दादा, आधी खर्च नको. फक्त गरम झाल्यावर मिस होतंय म्हणजे संशय कंडेन्सर (पॉइंटवरची ठिणगी दाबणारा भाग) आणि कॉइलवर (प्लगसाठी व्होल्टेज वाढवणारा भाग). पॉइंटच्या एका बाजूला टेकडी, दुसऱ्या बाजूला खड्डा दिसला तर कंडेन्सर गेलाय, पॉइंट आणि कंडेन्सर दोन्ही एकदम बदला. पॉइंटची गॅप ०.०१२ इंच, फीलर गेजनेच (फट मोजायच्या पातळ पट्ट्या). डिस्ट्रिब्यूटरचा शाफ्ट हलवून बघा. बुश झिजली असेल तर गॅप टिकतच नाही. काळी, कोरडी काजळी मात्र मिश्रण घट्ट (पेट्रोल जास्त, हवा कमी) असल्याची, नाहीतर चोक अडकल्याची खूण. ती मॉड्यूलने जायची नाही.

उत्तर २: मॉड्यूल घ्यायचंच तर पॉझिटिव्ह अर्थचंच मागा. सियागंजात (इंदूरचा बाजार) कुणी ‘चालून जाईल’ म्हणालं तरी ऐकू नका, उलट्या जोडणीत क्षणात जळतं. कॉइलचा प्रायमरी रेझिस्टन्स ३ ओहमच्या आसपास हवा. दीड ओहमचं असेल तर बॅलास्ट (प्रवाह कमी करणारा जोड रेझिस्टर) लागेल. साध्या तांब्याच्या वायरी काढून सप्रेसर वायरी (विद्युत गोंगाट दाबणाऱ्या) लावा. इंजिन बंद असताना चावी चालू ठेवायची नाही.

प्रश्नकर्ता: आणि प्लग?

उत्तर १: जुना काढून आट्यांची लांबी जुळवा. लांब प्लग पिस्टनला लागू शकतो. प्लगची गॅप ०.०३० इंच. वायरी १-३-४-२ या क्रमाने, म्हणजे सिलिंडर ज्या क्रमाने पेटतात तशा.