मदत हवी आहे: बसमधलं विणकाम आणि घरचं विणकाम जुळेना

फोंड्याहून पणजीला रोज बसने जाते. भाचीच्या बाळासाठी स्वेटर विणायला घेतलाय (बाळ बेळगावला, इथे कोण घालणार!). फोर प्लाय लोकर, 10 नंबरच्या सुया, 8 ओळींची वेलीची नक्षी.

अडचण अशी की बसमध्ये हात घट्ट पडतो, रात्री घरी सैल. पाठीचा भाग पसरला तर चक्क पट्टे दिसतात. काल मोजलं: 10 सेंटिमीटरमध्ये बसमधले 30 टाके, घरचे 26. शिवाय स्टॉप आला की गडबडीत नक्षीची कितवी ओळ तेच विसरते. वहीत रेघा मारून पाहिल्या, खड्ड्यांत पेन कुठच्या कुठे. दोनदा उसवलंय.

 

स्वेटर चवथीला द्यायचाय. नवीन सुया घेईन, नक्षी मात्र बदलायची नाही. बसमध्ये 9 नंबरच्या जाड सुया वापरून फरक जाईल, की तिथे फक्त साध्या बाह्या विणून नक्षी घरीच करू? आणि ओळ लक्षात ठेवायला वहीऐवजी तुम्ही काय वापरता?